फिर्याद कोण लिहून घेणार? पॅलेस्टिनी पोलिसांच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
युरोपीय संघाच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद, ब्रसेल्स,
आणि पॅलेस्टिनी नागरी पोलिसांसाठी पैसा, प्रशिक्षक किंवा प्रशिक्षणाची जागा देणारी सर्व सरकारे

विषय : गाझा आणि वेस्ट बँकमधील पोलिसांच्या नव्या प्रशिक्षणाबाबत

महोदय, महोदया,

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याबरोबर ते माझ्या माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे.

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं एक वर्ष, २००२-०३ चं, मी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत कोसोवोत होते. वुशत्री गावातल्या पोलीस शाळेतून नवी मुलं-मुली बाहेर पडायची आणि त्यांना हाताशी धरून रस्त्यावरचं, ठाण्यातलं काम शिकवणं ही आमची ड्यूटी होती. तिथे एकाच घरात माझ्यासोबत राहणारी एक युरोपीय सहकारी पुढे वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहरात, पॅलेस्टिनी नागरी पोलिसांना मदत करणाऱ्या तुमच्या मोहिमेत गेली. दोन वर्षं तिची पत्रं येत होती. पॅलेस्टिनी पोलीस मला आधी त्या पत्रांतून भेटले. हजेरीला उभे राहणारे, पेट्रोल मिळत नाही म्हणून कुरकुरणारे, वरिष्ठांना घाबरणारे, म्हणजे अगदी माझ्या ठाण्यातल्या पोरांसारखे. तेव्हापासून हा विषय मला सुटलेला नाही.

आज लिहायला बसण्याचं कारण सांगते. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ मंजूर केला. तेरा मतं बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. या ठरावाप्रमाणे गाझात आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल जायचं आहे, आणि पडताळणी करून निवडलेल्या पॅलेस्टिनी पोलिसांना प्रशिक्षण व पाठबळ देणं हे त्या दलाच्या कामांपैकी एक आहे. त्याच्या आधीच इजिप्तने हजारोंच्या संख्येने पोलीस तयार करण्याची तयारी दाखवली होती. मग तुमच्याकडूनही हजारांतले आकडे ऐकू येऊ लागले. मला धस्स झालं ते या आकड्यांमुळे. १९९४ साली असेच आकडे होते. २००५ नंतर पुन्हा होते. आता तिसऱ्यांदा मैदानावर रांगा उभ्या राहणार, आणि पहिल्या दोन वेळी काय चुकलं याचा हिशेब कुणी मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मोजायचंच म्हटलं तर आणखी मागे जावं लागेल, आणि तिथे माझ्याच देशाचा संबंध येतो. १९३७ च्या अखेरीस ब्रिटिशांनी त्यांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनमधला अरबांचा उठाव मोडण्यासाठी सल्लागार म्हणून सर चार्ल्स टेगार्ट यांना नेलं. हे टेगार्ट म्हणजे कलकत्त्याचे माजी पोलीस आयुक्त. बंगालच्या क्रांतिकारकांमागे ज्यांनी आयुष्य घालवलं, बाघा जतीन यांच्याशी १९१५ मध्ये बालासोरजवळ झालेल्या चकमकीत जे होते, तेच. भारतीयांवर शिकलेली विद्या घेऊन ते तिथे गेले. जाड काँक्रीटच्या भिंतींची, किल्ल्यासारखी पोलीस ठाणी त्यांच्या सल्ल्याने देशभर बांधली गेली. रामल्लाची मुकाता, जिथे पुढे पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांना वेढा पडला आणि जी आजही पॅलेस्टिनी सत्तेचं मुख्यालय आहे, ती मुळात अशीच एक टेगार्ट गढी. ब्रिटिश गेले, जॉर्डन आलं, इस्रायली लष्कर आलं, मग पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे पॅलेस्टिनींचं मर्यादित स्वराज्य, आलं. भिंती त्याच राहिल्या. पॅलेस्टाईनच्या पोलिसांना पोहोचलेल्या परकीय मदतीची एक मोठी खेप माझ्या देशातून गेली, आणि ती लोकांपासून पोलिसांचं रक्षण करण्याची मदत होती. हे मला बोचतं, म्हणूनही हे पत्र.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार अशी की तुम्ही माणसं मोजलीत. इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेतल्या मे १९९४ च्या कैरो कराराने नऊ हजार पोलिसांना मान्यता दिली, त्यातले सात हजार बाहेरून यायचे होते. सप्टेंबर १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने ती संख्या तीस हजारांवर नेली : बारा हजार वेस्ट बँकमध्ये, अठरा हजार गाझात. हे आले कुठून? पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या ट्युनिस, इराक, येमेन, जॉर्डनमधल्या छावण्यांतून. ही लढवय्यी माणसं होती, अनेकांनी उमेदीची वर्षं छावणीत काढली होती. त्यांना गणवेश दिला, वाहनं दिली. पगार द्यायची वेळ आली तेव्हा मात्र देणगीदार देश एकमेकांकडे बघत राहिले. पोलिसांचे पगार म्हणजे विकासकाम नव्हे, असा आक्षेप होता. शेवटी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेमार्फत पैसे फिरवून ते भागवावे लागले. १८ नोव्हेंबर १९९४ ला, म्हणजे पोलीस गाझात येऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, फिलिस्तीन मशिदीबाहेर निदर्शकांवर त्याच पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान बारा माणसं गेली. जमाव पांगवायला शिकायला महिने लागतात. माझ्या हाताखाली नव्याने भरती झालेल्या शिपायाला बंदोबस्तात पहिल्या रांगेत कधीच उभं करत नसत. भेदरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली की काय होतं, हे आमच्या खात्यालाही ठाऊक आहे.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, तिथे मी जरा थांबणार आहे. या पोलिसांनी कुणाचं रक्षण करायचं, हे तुम्ही त्यांना कधीच सरळ सांगितलं नाहीत.

पोलिसाचं पहिलं शस्त्र म्हणजे हद्द. ठाण्याची हद्द कुठे सुरू होते, कुठे संपते, त्या हद्दीत घडलेला गुन्हा माझा, मग गुन्हेगार कुणीही असो, हे शिपायाला पहिल्या आठवड्यात कळतं. पॅलेस्टिनी पोलिसाची हद्द कशी आहे ते बघा. ऑस्लोने वेस्ट बँकचे तीन तुकडे केले. 'अ' भाग सुमारे अठरा टक्के, तिथे पॅलेस्टिनी पोलीस. 'ब' सुमारे बावीस टक्के, तिथे नागरी सुव्यवस्था पॅलेस्टिनींकडे पण सुरक्षेचा अंतिम शब्द इस्रायलचा. उरलेला साठेक टक्के 'क', पूर्णपणे इस्रायली ताब्यात. 'अ' ची बेटं, मध्ये 'क' चा समुद्र. एका शहरातून दुसऱ्या शहरात आरोपीला न्यायचं, मुद्देमाल न्यायचा, की दंगलीच्या ठिकाणी जादा कुमक पाठवायची, तर आधी इस्रायली लष्कराशी समन्वय. त्याला तिथले लोक 'तन्सीक' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कसा होतो हे माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं. एका पत्रात तिने एक प्रसंग कळवला होता. दोन कुटुंबांत मारामारी पेटली, ठाणं वीस मिनिटांवर, आणि परवानगी यायला अर्धी रात्र गेली. पोलीस पोहोचले तेव्हा पंचनाम्याशिवाय काही उरलं नव्हतं. ठाणे अंमलदार म्हणून ज्याने एक जरी रात्र काढली आहे, त्याला त्या अर्ध्या रात्रीची लाज कळेल.

ऑस्लोप्रमाणेच इस्रायली नागरिकावर पॅलेस्टिनी पोलिसाचा अधिकार चालत नाही. २६ फेब्रुवारी २०२३ ची संध्याकाळ आठवा. हुवारा गावात दोन इस्रायलींना गोळ्या घातल्या गेल्या, तो गुन्हाच होता. त्या रात्री वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणाऱ्या इस्रायलींच्या जमावाने हुवारात शिरून घरं आणि गाड्यांची होळी केली आणि जवळच्या गावात एका पॅलेस्टिनी माणसाचा जीव गेला. हुवारा 'ब' भागात येतं. तुम्ही प्रशिक्षण दिलेला एकही पोलीस त्या जमावाला अडवायला उभा राहू शकत नव्हता. ज्याचं घर जळलं त्याने फिर्याद द्यायची तर इस्रायली पोलिसांकडे. आणि इस्रायली लष्कराच्या गाड्या रात्री 'अ' भागात, म्हणजे ज्याला पॅलेस्टिनी पोलिसांची पूर्ण हद्द म्हणतात तिथे, शिरतात तेव्हा हे पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. सकाळी तेच पोलीस चौकात वाहतूक नियंत्रण करायला येतात. गल्लीतली पोरं त्यांच्याकडे कशा नजरेने बघत असतील?

जेरुसलेमच्या नगरपालिकेत मोडणारं पण इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडे राहिलेलं काफ्र अकब घ्या. इस्रायली पोलीस तिथे सहसा फिरकत नाहीत, पॅलेस्टिनी पोलिसांना तिथे जायचा हक्क नाही. रामल्लापासून ते काही मिनिटांवर आहे. तुमच्या मोहिमेचं कार्यालय रामल्लातच आहे.

या सगळ्यात 'सुरक्षा' हा शब्द गेली तीस वर्षं वापरला जातो. अमेरिकेने २००५ पासून सुरक्षा समन्वयक नेमला. या पदावर जनरल कीथ डेटन होते त्या काळात पॅलेस्टिनी राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या बटालियन जॉर्डनमध्ये प्रशिक्षित झाल्या, राष्ट्राध्यक्षांचं रक्षकदल उभं राहिलं. नागरी पोलीस तुमच्या वाट्याला आले. पण दोघांचीही परीक्षा एकाच प्रश्नाने घेतली गेली : इस्रायलवर हल्ले कमी झाले का? तो प्रश्न महत्त्वाचा आहे, मी नाकारत नाही. नाब्लुसमधल्या बाईचा नवरा तिला मारतो तेव्हा ती ठाण्यात येते का, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता, आणि पोलीस कसा झाला हे ठरवणारा तोच आहे.

तिसरी तक्रार तुमच्या मदतीची, ती नळासारखी आहे, चालू-बंद. तुमचं छोटं समन्वय कार्यालय एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं आणि १ जानेवारी २००६ पासून तुमची पूर्ण मोहीम. २५ जानेवारीला पॅलेस्टिनी मतदारांनी हमासला १३२ पैकी ७४ जागा दिल्या, आणि तुम्ही हात आखडता घेतलात. जून २००७ मध्ये हमासने गाझा ताब्यात घेतलं आणि रामल्लात हमासविना आणीबाणीचं सरकार आलं, तशी वेस्ट बँकपुरती मदत पुन्हा वाहू लागली. जून २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत पोलीस आणि न्यायव्यवस्थेसाठी २४ कोटी २० लाख डॉलर जाहीर झाले. गाझात मात्र रामल्लाच्या सरकारने आपल्याच पोलिसांना आदेश दिला : कामावर जाऊ नका, घरी बसा, पगार मिळत राहील. हजारो प्रशिक्षित पोलीस घरी बसले. २०१७ मध्ये त्या घरी बसलेल्यांचे पगारही सुमारे तीस टक्क्यांनी कापले. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासात सर्वांत दुःखाची गोष्ट ती आहे. वर्दी घातलेल्या, काम शिकलेल्या माणसाला घरात कोंडून वर्षानुवर्षं पगार देणं, आणि त्याच्या गल्लीत कायदा दुसऱ्याच कुणीतरी चालवणं. अमेरिकेचं तर वेगळंच. २०१८ मध्ये तिकडे एक कायदा झाला आणि मदत घेतली तर अमेरिकी न्यायालयांतल्या खटल्यांत अडकू, या भीतीने प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०१९ पासून ती मदतच नको म्हणून कळवलं. प्रशिक्षण असं तुकड्यातुकड्यांनी होत नाही. शिपाई घडायला पाच वर्षं लागतात, चांगला तपास अधिकारी घडायला दहा.

चौथी तक्रार पगाराची. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग म्हणजे इस्रायलने गोळा करून द्यायचा कर. १९९४ च्या पॅरिस करारापासून ही रचना आहे. त्यातून कपाती होत गेल्या, आणि मे २०२५ पासून ती रक्कम पूर्ण अडवली गेली. २०२१ च्या अखेरीपासून सरकारी नोकरांना, पोलिसांनाही, पूर्ण पगार मिळालेला नाही. कधी ऐंशी टक्के, कधी साठ, कधी त्याहून कमी, तोही उशिरा. तुम्ही जेरिकोच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांना सचोटीचे धडे देता. मुलाची शाळेची फी थकलेली आहे, किराणावाल्याकडे उधारीची वही भरली आहे, आणि हातात दंडाच्या पावत्यांचं पुस्तक आहे, अशा शिपायाला सचोटी शिकवताना प्रशिक्षकाला त्याच्या नजरेला नजर देता येते का? मला आली नसती.

पाचवी : पोलिसांविरुद्ध फिर्याद कुठे करायची?

पॅलेस्टिनी कायदेमंडळ २००७ पासून भरलेलं नाही, २०१८ च्या अखेरीस ते बरखास्तच झालं. मे २०२१ ची निवडणूक पुढे ढकलली गेली, ती अजून झालेली नाही. म्हणजे पोलीस खात्याला सभागृहात प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी गेली अठरा वर्षं अस्तित्वात नाही. कायदे तर बघाच : वेस्ट बँकमध्ये १९६० ची जॉर्डनची दंडसंहिता, गाझात १९३६ ची ब्रिटिश काळातली. एकाच देशाच्या दोन तुकड्यांत दोन परक्या राजवटींचे कायदे, आणि त्यावर अध्यादेशांची ठिगळं.

२४ जून २०२१ च्या पहाटे निझार बनात या टीकाकाराला, जो त्या रद्द झालेल्या निवडणुकीत उमेदवार होता, प्राधिकरणाच्याच प्रतिबंधक सुरक्षा दलाच्या माणसांनी उचललं आणि काही तासांत कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मारहाणीच्या खुणा दिसल्या. चौदा जणांवर लष्करी न्यायालयात आरोप ठेवले गेले, आणि पुढच्या वर्षी आरोपी जामिनावर बाहेर होते. मृत्यूच्या निषेधार्थ रामल्लात लोक रस्त्यावर आले तेव्हा साध्या कपड्यांतल्या माणसांनी त्यांना बडवलं, महिला पत्रकारांचे फोन हिसकावले. ते प्रतिबंधक दल होतं, आमचे नागरी पोलीस नव्हते, असं तुम्ही म्हणाल. रामल्लातला माणूस हा फरक करत नाही. आमच्याकडेही ज्याला मार बसतो तो कुठल्या शाखेचा अधिकारी होता हे विचारत नाही.

इथे मला माझ्या घरचं सांगायलाच हवं, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. कोठडीतले मृत्यू आमच्याकडेही होतात. १८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेची नोंद साक्षीदारासमोर हवी, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ते नियम लावलेले फलक आमच्या ठाण्यांत आले. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायचा आदेश झाला. अंमलबजावणी अजून अर्धवट आहे, आणि त्याबद्दल मी इथेही लिहीत आले आहे. पण नावाच्या पट्टीने फरक पडला, हे मी स्वतः पाहिलं. एका तालुक्याच्या ठाण्यात मी रुजू झाले तेव्हा हवालदार वर्दीवरची पट्टी काढून खिशात ठेवत. सकाळच्या हजेरीला ती लावून घेणं सुरू केलं, आणि महिन्याभरात लोकांशी बोलायचा सूर बदलला. नाव दिसलं की माणूस जपून हात उचलतो. साध्या कपड्यांत जमावाला मारणाऱ्यांना नाव नसतं, तिथेच सगळं संपतं.

कोसोवोतली एक गोष्ट याच संदर्भात आठवते. अल्बेनियन मुलगा, बावीस वर्षांचा, माझ्याकडे शिकाऊ होता. त्याचं कुटुंब सर्बांशी झालेल्या युद्धात पांगलं होतं. एका सकाळी एक सर्ब म्हातारी ठाण्यात आली, तिची जळाऊ लाकडं कुणीतरी नेली होती. तो तिच्याकडे बघेना. मी त्याला काहीही न बोलता नोंदवही पुढे सरकवली. त्याने दुभाष्याच्या मदतीने तक्रार लिहून घेतली, नंबर घातला, आणि तिला पोच दिली. म्हातारीने तो कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून पदरासारख्या शालीत खोचला. लाकडं सापडली की नाही मला आठवत नाही. पण पुढच्या आठवड्यात ती परत आली, शेजारणीला घेऊन. त्या मुलाचा पगार वेळेवर होत होता, त्याच्या हद्दीत त्याला जायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार घेणारं कार्यालय होतं. म्हणून माझी ती नोंदवही पुढे सरकवणं कामी आलं. हे तिन्ही नसतं तर मी कितीही चांगली शिक्षिका असते तरी व्यर्थ.

महिलांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे तुमचं काम मला खरोखर आवडतं. कुटुंब आणि बालकांच्या संरक्षणासाठी नागरी पोलिसांत वेगळ्या शाखा उभ्या राहिल्या, महिला अधिकारी पुढे आल्या, त्यात तुमच्या मोहिमेचा हात आहे. ते टिकवा. फक्त महिला पोलिसांना त्याच एका खोलीत बसवून ठेवू नका. तपासात घ्या, ठाण्याचा चार्ज द्या. मला वीस वर्षं थांबावं लागलं होतं.

शेवटची तक्रार गाझाची, आणि ती तुमच्या टेबलावर आत्ता आहे. २७ डिसेंबर २००८ ला गाझाच्या पोलीस मुख्यालयात प्रशिक्षण संपवणाऱ्यांचा समारंभ चालू होता. इस्रायली विमानांनी तो उडवला. रांगेत उभ्या असलेल्या कित्येक तरुण पोलिसांचे मृतदेह मैदानात पडले होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीने पुढे गाझाचे पोलीस हे प्रामुख्याने नागरी दल असल्याचं नोंदवलं. २०२४ च्या सुरुवातीला मदतीच्या ट्रकांना सोबत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले झाले, तेव्हा पोलिसांनी सोबत करणं थांबवलं. मग लूट सुरू झाली. १६ नोव्हेंबर २०२४ ला एका ताफ्यातल्या १०९ ट्रकांपैकी जवळपास सगळे लुटले गेले. भुकेल्या वस्तीत पोलीस नसला की धान्य बळकट माणसाच्या घरी जातं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाझाचा पोलीस हमासच्या राजवटीत होता, त्यांच्यातल्या काहींचे हात लढाईत होते, काहींनी लोकांवर अत्याचार केले, हेही खरं. त्यांची छाननी व्हायलाच हवी. पण छाननी कुणी करायची आणि कुठल्या पुराव्यावर? एखाद्या गुप्तचर खात्याने नावापुढे फुली मारली आणि त्या माणसाला कारणही कळलं नाही, तर तो उद्या कुणाच्या टोळीत जाईल याचा विचार केला आहे का? २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य एका फर्मानाने बरखास्त झालं, त्याची किंमत इराकने कशी मोजली ते जगाने पाहिलं.

माझ्या मागण्या अशा :

एक, नव्या प्रशिक्षणाचा पहिला आकडा जाहीर करण्याआधी पगाराची सोय जाहीर करा. किमान पाच वर्षांची, थेट शिपायाच्या बँक खात्यात जाणारी, कराच्या अडवणुकीपासून सुरक्षित. पैसे कमी असतील तर माणसं कमी घ्या.

दोन, इस्रायलकडून लेखी हमी घ्या की प्रशिक्षित नागरी पोलीस, त्यांची ठाणी आणि मदतीच्या ताफ्यासोबतचे पोलीस यांच्यावर हल्ला होणार नाही. हमी मोडली तर कुणासमोर आणि किती दिवसांत जाब विचारला जाईल, हेही त्यात लिहा. ही हमी नसेल तर मैदानावर पोरं उभी करू नका.

तीन, वेस्ट बँकमध्ये पोलिसांच्या हालचालीसाठी लागणाऱ्या परवानगीला वेळेची मर्यादा ठरवून घ्या. फौजदारी गुन्ह्यासाठी तासाभरात उत्तर. प्रत्येक विनंती कधी केली आणि उत्तर कधी आलं, याची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करा. ते तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुणाचा ठराव लागत नाही.

चार, पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांबाहेरच्या संस्थेकडे गेली पाहिजे. रामल्लात १९९३ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मानवाधिकार आयोग आहे, त्याला कोठड्यांत न सांगता जायचा पूर्ण अधिकार आणि पैसा द्या. पॅलेस्टाईनने २०१४ मध्ये छळविरोधी करार मान्य केला आहे, त्याचीच ही अंमलबजावणी ठरेल. कोठडीतल्या मृत्यूचा खटला लष्करी न्यायालयात चालू नये, अशी अट मदतीला घाला.

पाच, छाननीचे निकष अरबीत छापा, नाकारलेल्या माणसाला कारण लेखी द्या आणि अपिलाची संधी द्या. २००७ पासून घरी बसवलेल्यांमध्ये जे अजून नोकरीच्या वयात आहेत त्यांना पहिला मान द्या. ते पोलिसाचं काम शिकलेले आहेत.

सहा, नावाची पट्टी. सक्तीची, अरबीत, मोठ्या अक्षरांत, सर्व दलांना.

सात, कायदेमंडळाची निवडणूक होईपर्यंत पोलिसांच्या अर्थसंकल्पावर आणि वागणुकीवर प्रश्न विचारणारी पॅलेस्टिनी नागरिकांची समिती नेमा, तिच्यात गाझाची माणसं आणि निम्म्या महिला असाव्यात. तिच्या बैठका उघड असाव्यात.

आणि भारत सरकारला, जे हे पत्र वाचेल अशी मला आशा आहे : १२ सप्टेंबर २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत इतर १४१ देशांबरोबर आपण इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशी दोन राष्ट्रं मान्य करणाऱ्या न्यूयॉर्क घोषणापत्राच्या बाजूने मत दिलं. १९५६ ते १९६७ या काळात भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली गाझात होते, काहींनी तिथे प्राण दिले. लायबेरियात २००७ मध्ये जगातली पहिली संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी आपण पाठवली. पॅलेस्टिनी पोलिसांच्या कामासाठी निवृत्त आणि सेवेतल्या तपास अधिकाऱ्यांची, विशेषतः महिलांची, यादी आपण तयार ठेवावी. टेगार्ट साहेब कलकत्त्याहून जे घेऊन गेले, त्याच्या उलट काही तिथे न्यायचं असेल तर ही वेळ आहे.

ठराव २८०३ ने दिलेला अधिकार ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपतो. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी तुम्ही जे अहवाल द्याल, त्यात किती पोलीस तयार झाले याच्या आधी किती नागरिक आपणहून ठाण्यात फिर्याद द्यायला आले, आणि त्यातल्या किती जणांना पोच मिळाली, हा आकडा असावा, ही विनंती.

फिर्याद लिहून घ्यायचा तास कुणाला घ्यायचा असेल तर मी यायला तयार आहे, जेरिकोला, कैरोला, गाझात. प्रवासखर्च माझा मी करेन. दुभाष्या तेवढा द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त महिला पोलीस निरीक्षक,
नाशिक